ती रडली नाही, टक लावून बघत राहिली

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी साडेसात महिन्यांची. घरात नवरा-बायकोचं जोरात वाजलं, आईला रडू आवरेना, आणि मांडीवरची मुलगी ना रडली ना हसली; डोळे मोठे करून आईच्या तोंडाकडे बघत राहिली. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला काय कळतंय!" बहिणीने एक व्हिडिओ पाठवला. त्यात म्हटलं होतं की अशा एकेका प्रसंगाची बाळाच्या मेंदूवर कायमची खूण राहते. आई विचारते आहे की खरं कोणाचं? आणि त्या क्षणी तिच्या डोक्यात जे चाललं होतं ते आपल्या मोठ्यांच्या डोक्यात चालतं तसंच असतं का?

ताई, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, व्हिडिओचं त्याहून कमी. घोळ "कळणं" या शब्दात आहे. एका "कळतं"मध्ये आपण चार गोष्टी कोंबतो: दोन चेहऱ्यांतला फरक दिसणं, त्यातल्या एकावर लक्ष खिळणं, त्याचा अर्थ लागणं, आणि आपल्याही आत तसंच काही हलणं. मोठ्या माणसात हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकतं, म्हणून ते एकच वाटतं. बाळात मात्र या गोष्टी निरनिराळ्या महिन्यांत येतात. तुमच्या मुलीची पहिली गोष्ट झाली आहे, दुसरी ऐन भरात आहे आणि तिसरी आत्ता कुठे सुरू होते आहे.

अगदी पहिल्या दिवसापासून सांगते. नवजात बाळाची नजर फार अधू असते. वीस ते तीस सेंटीमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं, म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळापासून आईच्या तोंडापर्यंत जेवढं अंतर असतं, साधारण तेवढंच. त्यातही कपाळावरची केसांची कड, भुवया, डोळ्यांची जागा, आईने कुंकू लावलं असेल तर ते. बाकी सगळं धुरकट. तरीसुद्धा १९७५ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. जन्मून काही मिनिटंच झालेल्या बाळांपुढून एक साधं चित्र हळूहळू सरकवलं. डोळे, नाक, तोंड जागच्या जागी असलेल्या चित्रामागे बाळांनी डोळे आणि मान जास्त वळवली. तेच अवयव विस्कटून काढलेल्या चित्रामागे कमी. पुढे १९९१ मध्ये मार्क जॉन्सन आणि जॉन मॉर्टन यांनी ही गोष्ट पुन्हा तपासली आणि एक कल्पना मांडली, ती आजही बरीच टिकून आहे. बाळ चेहऱ्याचं ज्ञान घेऊन येत नाही. वर दोन ठिपके आणि खाली एक असं काही दिसलं की तिकडे वळायचं, एवढी ओढ घेऊन येतं. ही ओढ बहुधा मेंदूच्या खालच्या, जुन्या भागातून चालते. मग दिवसभर समोर चेहरेच येत राहिले की वरचा भाग, म्हणजे मेंदूची साल, हळूहळू त्यात तरबेज होते.

झोपेत बाळ गालातल्या गालात हसलं की आपल्याकडे "सटवाई हसवते" म्हणतात. मला ही नोंद फार आवडते, कारण आज्यांनी एक गोष्ट नेमकी हेरली होती: हे हसू आपल्याला उद्देशून नाही. उत्तरादाखलचं हसू सहा ते आठ आठवड्यांत येतं. सव्वा महिना उलटला की बाळ "ओळखीचं हसायला लागलं" असं म्हणतात, ते याच सुमाराला.

आनंदी चेहऱ्याकडे कल मात्र आणखी आधी दिसतो. इटलीत तेरेझा फारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की अवघ्या काही दिवसांची बाळं आपल्याकडे थेट बघणाऱ्या डोळ्यांकडे जास्त वेळ बघतात, नजर वळवलेल्या डोळ्यांकडे कमी. २००७ मध्ये त्याच गटाने घाबरलेला आणि आनंदी असे दोन चेहरे शेजारी शेजारी दाखवले, तेव्हा नवजात बाळं आनंदी चेहऱ्यावर जास्त रेंगाळली. यावरून बाळाला "आनंद कळतो" असं म्हणायला मी तयार नाही. बाळाला आयुष्यात दिसतात त्यातले बहुतेक चेहरे हसरेच असतात. सरावाचं आहे ते आवडतं, इतका साधा अर्थही पुरतो.

आता तुमच्या मुलीच्या वयाकडे येऊ. इथे एक चमत्कारिक वळण आहे.

१९८५ मध्ये चार्ल्स नेल्सन आणि किम डॉल्गिन यांनी सात महिन्यांच्या बाळांना आनंदी आणि घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. बाळं घाबरलेल्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघत राहिली. नंतर फिनलंडमधल्या मिक्को पेल्टोला आणि युक्का लेप्पानेन यांच्या गटाने पाच आणि सात महिन्यांच्या बाळांची तुलना केली. पाचव्या महिन्यात हा कल नाही, सातव्यात आहे. प्रयोगाची रीत सोपी आहे. पडद्याच्या मध्यावर चेहरा दाखवायचा, बाळ त्यात गुंतलं की बाजूला एक नवीन चित्र झळकवायचं, आणि नजर तिकडे वळायला किती वेळ लागतो ते मोजायचं. आनंदी चेहरा असला की बाळ चटकन वळतं. घाबरलेला असला की नजर सुटतच नाही, काही वेळा तर बाळ वळतच नाही.

तुम्ही म्हणाल, बाळ घाबरलं म्हणून खिळलं असेल. नेमकं हेच हृदयाच्या ठोक्यांवरून तपासलं गेलं आहे. आपण दचकलो की ठोके वाढतात. सात महिन्यांचं बाळ घाबरलेला चेहरा बघतं तेव्हा त्याचे ठोके क्षणभर मंदावतात, आनंदी चेहरा बघताना मंदावतात त्यापेक्षा जास्त. ठोके मंदावणं ही एकाग्र होण्याची खूण. कुठे खुट्ट झालं तर आपणही श्वास रोखून कान देतो, तसं. त्या दिवशी तुमची मुलगी थिजली नव्हती, बधिरही झाली नव्हती. माझा अंदाज असा की तिचा मेंदू "हे काय आहे, नीट बघू" या अवस्थेत होता. अंदाज म्हणते, कारण हे प्रयोग फोटोंवर झालेले आहेत, रडणाऱ्या खऱ्याखुऱ्या आईवर नाहीत. आणि त्यात भीती आणि आनंदच जास्त वापरले गेले, दुःख फार कमी.

शंकाखोर माणूस इथे विचारेल की घाबरलेला चेहरा बाळाने फारसा पाहिलेलाच नसतो, मग नवं म्हणून बघत असेल. रास्त शंका. म्हणून फिनलंडच्या त्याच गटाने अर्थ नसलेलं वेडंवाकडं तोंड केलेले चेहरेही दाखवले. तेही बाळाला नवेच, तरी नजर तेवढी खिळली नाही. बरं, घाबरलेल्या चेहऱ्यात डोळे मोठे असतात, त्याचा परिणाम असेल? साध्या चेहऱ्यावर तेवढे घाबरलेले डोळे बसवून पाहिले, तरी पुरेसे ठरले नाहीत. सगळा चेहरा लागतो. पण गंमत अशी की २०१४ मध्ये सारा येस्सेन आणि टोबियास ग्रॉसमन यांनी सात महिन्यांच्या बाळांना फक्त डोळ्यांचे पांढरे भाग दाखवले, तेही सेकंदाचा विसावा भाग, म्हणजे पाहिल्याचं भानही नसावं इतका थोडा वेळ, आणि तरी मेंदूच्या लहरींत घाबरलेल्या आणि न घाबरलेल्या डोळ्यांचा फरक उमटला. फरक टिपला जाणं आणि लक्ष खिळणं या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत म्हणते, ते अशा निकालांमुळे.

या लहरी मोजतात कशा, ते सांगते. पूर्वी काही वर्षं मी अशा प्रयोगशाळेत काम केलं आहे, आणि बाळाच्या मेंदूवरचं कुठलंही छातीठोक वाक्य ऐकलं की मला ती खोली आठवते. एक जाळीची टोपी, तिला शंभराहून जास्त इवले इवले स्पंज. कोमट पाण्यात क्षार आणि थोडा बेबी शाम्पू घालून त्यात ती भिजवायची, निथळायची आणि बाळ दुसरीकडे बघत असताना चटकन डोक्यावर चढवायची. बाळ आईच्या मांडीवर. आईला ताकीद की बोलायचं नाही, मांडी हलवायची नाही. पडद्यावर एकेक चेहरा अर्धा-एक सेकंद. पडद्यामागे कोणी तरी खुळखुळा घेऊन बसलेलं, बाळाचं लक्ष उडालं की वाजवायला. दहा मिनिटांत बाळ टोपीची वायर तोंडात घालतं, हनुवटीखालचा पट्टा ओढतं, किंवा सरळ झोपतं. जवळजवळ निम्म्या बाळांची नोंद टाकून द्यावी लागते. उरलेल्यांच्या प्रत्येक भावाच्या दहा-वीस स्वच्छ नोंदी मिळाल्या तरी आम्ही खूश. म्हणून "बाळाचा मेंदू असा असतो" यातलं बाळ म्हणजे बऱ्याचदा शांत स्वभावाचं, पोट भरलेलं, झोप झालेलं बाळ असतं, हे ध्यानात असू द्या.

या लहरींत दिसतं काय? मोठ्या माणसाला चेहरा दाखवला की डोक्याच्या मागच्या बाजूला, उजवीकडे थोडी जास्त, सुमारे १७० मिलिसेकंदांनी एक ठळक खळगा येतो. दुसऱ्या कुठल्या वस्तूला तो इतका खोल येत नाही. बाळात त्याच्या जागी दोन पसरट लाटा असतात, एक साधारण २९० मिलिसेकंदांच्या आसपास आणि दुसरी ४०० च्या. वर्षं जातात तशा त्या लवकर येऊ लागतात आणि पुढे त्यांतूनच मोठ्यांचा तो खळगा घडतो, असं मानलं जातं. बाळाचं काम हळू चालतं, कारण मज्जातंतूंवरचं आवरण अजून पुरतं चढलेलं नसतं. याखेरीज बाळाच्या डोक्याच्या पुढच्या-मधल्या भागावर ४०० ते ८०० मिलिसेकंदांच्या दरम्यान एक लाट येते. ती लक्ष किती गुंतलं त्याचं माप. १९९६ मध्ये नेल्सन आणि मिशेल डी हान यांना दिसलं की सात महिन्यांच्या बाळात ही लाट घाबरलेल्या चेहऱ्याला आनंदी चेहऱ्यापेक्षा मोठी येते.

सातवाच महिना का? पक्कं उत्तर कोणाकडे नाही, पण एक सुचवणी मला पटते. याच सुमाराला बाळ रांगू लागतं. तोवर त्याला कोणी तरी उचलून ठेवेल तिथे ते असतं. आता ते स्वतः गॅसच्या नळीपर्यंत, जिन्याच्या टोकापर्यंत पोचतं. दूर बसलेल्या माणसाच्या तोंडावरून "पुढे जाऊ का नको" हे वाचण्याची गरज आत्ताच उभी राहते. परकं माणूस ओळखून रडणंही याच महिन्यांतलं.

तिसरी पायरी, अर्थ लागणं, वर्षाच्या आसपास डोळ्यांनी बघता येते. १९८५ मधला एक प्रयोग आहे, जेम्स सॉर्स, रॉबर्ट एम्डे आणि जोसेफ कॅम्पोस यांचा. जाड काचेचं टेबल, काचेखाली अर्ध्यावर सुमारे ३० सेंटीमीटरचा खोलगट भाग दिसतो. पलीकडे आई. बारा महिन्यांचं बाळ कडेशी येतं, थबकतं आणि आईच्या तोंडाकडे बघतं. आईने आनंदी चेहरा केला तर १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. आयांना एक शब्दही बोलायला मनाई होती. इथे मात्र मी "कळलं" हा शब्द बिनधास्त वापरेन. सातव्या महिन्यात जी नजर नुसती खिळत होती, तीच आता निर्णयासाठी वापरली जाते.

तुमच्या प्रसंगात चेहऱ्याबरोबर आवाजही होता, आणि तो चेहऱ्याच्या आधी पोचतो. रॉस फ्लॉम आणि लॉरेन बाह्रिक यांच्या २००७ च्या अभ्यासात चेहरा आणि आवाज एकत्र असले की चार महिन्यांची बाळं भावांतला फरक ओळखत होती, नुसता आवाज असला तर पाच महिन्यांची, आणि नुसता हलता चेहरा असला तर सात महिन्यांची. म्हणून "भांडलो तेव्हा बाळ दुसऱ्या खोलीत झोपलं होतं" असं काही घरांतून सांगतात, ते मला फारसं समाधानकारक वाटत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत अॅलिस ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी सहा ते बारा महिन्यांच्या झोपलेल्या बाळांना एमआरआय यंत्रात ठेवून निरनिराळ्या सुरांतली अर्थहीन वाक्यं ऐकवली. ज्यांच्या घरी आई-वडिलांची भांडणं जास्त, त्यांच्या मेंदूत रागीट आवाजाला काही भागांचा प्रतिसाद जास्त होता. त्यात ताण आणि भावना सांभाळण्याशी संबंध असलेले भाग होते. बाळं मोजकीच होती. भांडणांमुळेच तसं झालं हेही यातून सिद्ध होत नाही. चिडक्या स्वभावाच्या बाळामुळे घरात भांडणं वाढतात, हेही असतं. पण घराचं रोजचं हवामान झोपेतही पोचतं, इतकं मी त्यातून घेते.

आता तुमच्या, म्हणजे मोठ्यांच्या डोक्याकडे. नवरा दारात दिसला आणि त्याच्या कपाळावरची आठी तुम्हाला दिसली, तेव्हा मागे-खाली असलेला एक भाग हा चेहरा कोणाचा ते बघतो. १९९७ मध्ये नॅन्सी कॅन्विशर यांनी तो नेमका दाखवून दिला. कानाच्या वरच्या बाजूची एक लांब घडी नजर, ओठ, भुवया अशा हलणाऱ्या गोष्टी टिपते. आणि खोल आत बदामाच्या आकाराचा ॲमिग्डाला हा सगळा प्रकार महत्त्वाचा आहे की नाही ते ठरवायला मदत करतो. याला "भीतीचं केंद्र" म्हणून टाकायची फॅशन आहे, त्याने माझी फार चिडचिड होते. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीचे दोन्ही बाजूंचे ॲमिग्डाला एका दुर्मीळ आजाराने निकामी झाले होते. १९९४ मध्ये राल्फ अॅडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की तिला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही. सगळ्यांनी हेच वाक्य उचललं. २००५ मध्ये त्याच अॅडॉल्फ्सनी पुढचा भाग सांगितला: ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नव्हती. "डोळ्यांकडे बघ" असं सांगितलं की तिला भीती ओळखता येऊ लागली. सूचना थांबली की पुन्हा जैसे थे. म्हणजे ॲमिग्डालाचं निदान एक मोठं काम "इकडे बघ" हे सांगण्याचं आहे. तुमच्या मुलीचा मेंदू त्या दिवशी जे करत होता, त्याच कुळातलं.

मोठ्यांचा बराचसा प्रतिसाद नकळत होतो. चेहरा ३३ मिलिसेकंद दाखवून लगेच दुसऱ्या चेहऱ्याने झाकला, तर आपण "काही दिसलं नाही" म्हणतो, पण ॲमिग्डाला हललेला असतो. हे १९९८ मधलं पॉल व्हेलन यांचं काम. स्वीडनमधल्या उल्फ डिमबर्ग यांनी तर गालावर आणि भुवईवर तारा लावून दाखवलं की असे झाकलेले चेहरे पाहतानाही आपला गाल किंवा भुवई किंचित त्यांच्यासारखी हलते. आईचा चेहरा पडला की घरातल्या सगळ्यांचे चेहरे पडतात, त्यात थोडंसं हे असणार.

फरक आहे तो पुढच्या टप्प्यात. मोठ्या माणसाकडे नावं आहेत, मागचे हिशेब आहेत, आणि कपाळामागचा भाग आहे, जो म्हणतो, "थांब, तो आत्ता ऑफिसातून वैतागून आलाय, तुझ्यावर नाही." हा भाग आणि ॲमिग्डाला यांचं नातं बदलायला खूप वर्षं लागतात. २०१३ मध्ये डिलन गी आणि निम टॉटनहॅम यांच्या गटाने चार ते बावीस वयाच्या मुला-माणसांना घाबरलेले चेहरे दाखवले. लहान मुलांत हे दोन भाग एकदमच चढत होते. साधारण दहाव्या वर्षापासून एक चढला की दुसरा उतरू लागला, लगाम घातल्यासारखा. साडेसात महिन्यांच्या मुलीकडे हा लगाम नाही. तिचा लगाम म्हणजे तिला उचलून घेणारं माणूस.

आणि मोठ्यांच्या या कौशल्याचा फार अभिमान नको. २०१२ मध्ये हिलेल अविएझर आणि सहकाऱ्यांनी टेनिसपटूंचे गुण जिंकल्याच्या आणि हरल्याच्या क्षणाचे फोटो घेतले. नुसते चेहरे दाखवले तर लोकांना जिंकला की हरला हे सांगता येईना. शरीर दाखवलं की लगेच सांगता आलं. आणि गंमत म्हणजे चेहरा-शरीर एकत्र बघणाऱ्यांना वाटत होतं की आपण चेहऱ्यावरूनच ओळखलं. रोज घरात असंच होतं. "तुझं तोंडच सांगतंय" म्हणतो आपण, आणि वाचत असतो कालचं भांडण.

मग खूण राहते की नाही? अनुभव मेंदूला वळण लावतो यात शंका नाही. २००२ मध्ये ऑलिव्हिए पास्कालिस, डी हान आणि नेल्सन यांनी दाखवलं की सहा महिन्यांची बाळं दोन माकडांचे चेहरेही वेगळे ओळखतात. नऊ महिन्यांच्या बाळांना आणि मोठ्यांना ते जमत नाही. जे रोज दिसतं त्यात पटाईत व्हायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं, असा हा सौदा. भावांबाबतही तसंच. सेथ पोलाक यांनी ज्या शाळकरी मुलांना घरी मारहाण झाली होती त्यांना हळूहळू बदलत जाणारे चेहरे दाखवले. ही मुलं रागाची चाहूल इतरांच्या आधी ओळखत होती. थोडासा राग मिसळला तरी "हा रागावलाय" म्हणत होती. त्या घरात जगायला ते कौशल्यच होतं. वर्गात बाईंची साधी आठीही त्यांना मार येण्याची खूण वाटते, तेव्हा तेच कौशल्य महागात पडतं.

पण हे वर्षानुवर्षांच्या मारहाणीचं वळण आहे, एका संध्याकाळचं नाही. एक उलट उदाहरण सांगते. जन्मतः दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे पहिले काही महिने ज्यांना आकारच दिसले नव्हते, अशा मुलांचा डॅफ्नी मॉरर यांच्या गटाने कॅनडात मोठेपणी अभ्यास केला. काही बारीक गोष्टी, जसं की डोळ्यांमधल्या अंतरावरून चेहरा ओळखणं, त्यांना अनेक वर्षांनंतरही जड जात होत्या. भाव ओळखणं मात्र त्यांना नीट जमत होतं. महिनोन्महिने एकही चेहरा स्पष्ट न दिसूनही.

रोजच्या जगण्यातली चूक-दुरुस्ती बाळाला मुळीच नवी नसते. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला स्थिर चेहऱ्याचा प्रयोग तुम्ही कदाचित त्याच व्हिडिओत पाहिला असेल: आई खेळता खेळता अचानक चेहरा निर्विकार करते, बाळ आधी हसून, मग हुंकार देऊन, हात पुढे करून तिला परत आणायला बघतं आणि शेवटी मान फिरवतं. तो दाखवताना लोक पुढचा भाग कापतात. आई परत येते, बाळ आधी जरा रुसून बघतं आणि मग दोघं पुन्हा जुळतात. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणांत एरवीच्या चांगल्या खेळातही आई आणि बाळ एका तालात असतात तो वेळ जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेला वेळ सुटणं आणि पुन्हा जुळणं चालू असतं. भांडणापेक्षा मला मोबाइलची काळजी जास्त वाटते, कारण तिथे आईचा आणि बाबांचाही चेहरा दिवसातून पन्नास वेळा निर्विकार होतो आणि कोणाला ते भांडण वाटत नाही.

आता करायचं काय. पुन्हा रडू आलं तर लपायला न्हाणीघरात पळू नका. शक्य झालं तर भांडण आवाज चढायच्या आधी थांबवा, आवाजाचं वर सांगितलंच आहे. रडून झालं की मुलीला समोर घ्या, हातभर अंतरावर, आणि हळू आवाजात काहीही बोला. शब्द महत्त्वाचे नाहीत. ती मान फिरवेल कदाचित. फिरवू द्या. बाळाचा तो श्वास घेण्याचा प्रकार आहे, तिच्या तोंडापुढे तोंड नेऊन "बघ ना, बघ ना" करू नका. ती आपण होऊन वळेल, तेव्हा तुम्ही तिथे असा.

दुसरं तुमच्याबद्दल. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज रडू येत असेल, झोप लागत नसेल, मुलीला घ्यावंसं वाटत नसेल, तर ते "बाळंतपणानंतर होतं असं" म्हणून सोडू नका. एडिनबरोत १९८७ मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एक सोपी यादी आहे, ती कुठल्याही जाणत्या डॉक्टरला माहीत असते, भरायला पाच मिनिटं लागतात. घरातून निघता येत नसेल तर सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. उपचार आईचे केले की बाळाच्या वाट्याला येणारा चेहराही बदलतो. आमच्या कामात यासारखं सोपं औषध दुसरं नाही.

मुलीबद्दल मी काळजी कधी करते तेही सांगते, कारण तुमच्या पत्रात उलट चित्र आहे. तिसरा महिना सरला तरी बाळ माणसाकडे बघून हसत नसेल. नऊ महिन्यांचं होऊनही चेहऱ्यांपेक्षा पंख्यात जास्त रमत असेल, हाक मारली तरी बघत नसेल, हसलात तर उलट हसत नसेल. किंवा आधी बघायचं आणि आता बघणं कमी झालं असेल, तर वाट न बघता दाखवा. आईच्या रडण्याकडे टक लावून बघणारी साडेसात महिन्यांची मुलगी या यादीत बसत नाही.

तरी खात्री करायची असेल तर पुढच्या लसीच्या वेळी येताना दोन मिनिटांचं चित्रीकरण आणा. फोन हातात धरू नका, भिंतीला टेकवून ठेवा, तुम्ही आणि ती दोघींचे चेहरे दिसतील असा. कुक्क खेळा, नाही तर नुसत्या बसा. सासूबाई मध्ये आल्या तर येऊ द्या, मला त्यांच्याकडे ती कशी बघते तेही बघायचं आहे.